नाचल्यानं पाप होतंय का?



जुलै महिन्याचा चौथा रविवार जवळ आला आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये हा रविवार आजी-आजोबांचा आणि वडीलधाऱ्या मंडळींचा जागतिक दिवस म्हणून ठरवून दिला. पवित्र मरियेचे आईवडील संत ज्योकिम व संत ॲना यांचा सण २६ जुलैला असतो, त्याच्या आगेमागे हा रविवार येतो. दरवर्षी आपण त्या दिवशी ज्येष्ठांना पुढच्या बाकांवर बसवतो, हातात फूल देतो, त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. यंदा मी त्या 'बसवतो' या शब्दापाशीच अडलो आहे. त्याचे कारण सांगतो.

मे महिन्यात आपल्याच एका घरी लग्न होते. हळदीच्या संध्याकाळी मी गेलो होतो. अंगणात डीजे लावलेला, पोरे नाचत होती आणि आम्ही मोठी माणसे आवाजाने हैराण होऊन खुर्च्यांवर बसलो होतो. नऊच्या सुमारास वीज गेली. थोडा वेळ अंधार, मग मोबाईलचे दिवे, आणि त्या शांततेत कुणीतरी परातीवर ताल धरला. बायकांनी हळदीचे जुने गाणे उचलले. तेव्हा नवरदेवाची आजी उठल्या. वय पंचाहत्तरीच्या घरात. त्यांनी पदर कमरेला खोचला आणि पावले टाकायला सुरुवात केली. सुरुवातीला बेताने, मग दोन्ही हात वर करून. पोरांनी शिट्ट्या मारल्या, पण त्या थट्टेच्या नव्हत्या. एक गिरकी घेताना आजींचा तोल किंचित गेला आणि लगेच सावरला. एवढ्यात त्यांचा मुलगा, म्हणजे नवरदेवाचे वडील, मोठ्याने म्हणाले, "माय, बस की आता!" आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. आणखी दोन-चार जणांनी पाहिले. मी म्हणालो, "आजी, बसा आता. पडाल."

आजी बसल्या. कमरेचा पदर सोडून डोक्यावर घेतला. पुढे वीज आली, डीजे सुरू झाला, मी जेवून परत आलो. त्या रात्री मला काहीही खटकले नाही, हेही प्रामाणिकपणे लिहून टाकतो.

जूनमध्ये कुटुंबभेटीला त्या घरी गेलो. चहा झाला, प्रार्थना झाली. निघताना आजी दारापर्यंत आल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "फादर, नाचल्यानं पाप होतंय का? तुमी बसवलं म्हणून इचारते."

मी हसलो, "छे, छे, पाप कसले!" म्हणालो आणि मोटारसायकलला किक मारली. देगलूर येईपर्यंत ते हसू ओसरले होते. मी 'पडाल' म्हणालो होतो, त्यांनी 'पाप' ऐकले. महिनाभर त्यांनी ते मनात ठेवले होते. (हे सारे त्यांना विचारून लिहीत आहे. "नाव तेवढं टाकू नका," एवढीच त्यांची अट आहे.)

दारात दिले ते काही उत्तर नव्हते. म्हणून आज नीट देतो.

नाचण्याविषयी आपल्या मनात जो संशय आहे, त्याला हेरोदियाच्या मुलीची गोष्ट बरीचशी कारण आहे. ती राजाच्या वाढदिवशी नाचली आणि संत योहान बाप्तिस्ता यांचे शिर गेले. पण ती गोष्ट पुन्हा वाचून पाहा. शिर गेले ते हेरोदाच्या बढाईखोर शपथेने आणि एका बाईच्या मनातल्या सूडाने. मुलीची पावले तिथे निमित्ताला होती. त्याच बायबलमध्ये दावीद राजा कराराच्या कोशापुढे अंगात होते नव्हते तेवढे बळ लावून नाचतो. हिशेब केला तर त्या वेळी तो चाळिशीच्या आसपासचा, म्हणजे माझ्याच वयाचा असावा. मला तरी देगलूरच्या बाजारपेठेत तसे धाडस होणार नाही. आणि यिर्मया संदेष्टा आपल्या लोकांच्या सुटकेचे चित्र रंगवतो (अध्याय ३१), तेव्हा त्यात कुमारी नाचत आहेत आणि तरुण व म्हातारे एकत्र आनंद करीत आहेत. म्हाताऱ्यांना त्याने ओट्यावर बसवून ठेवलेले नाही.

सेमिनरीत असताना संत थॉमस अक्वायनस यांचा 'सुम्मा' हा ग्रंथ आम्ही परीक्षेपुरता वाचला. त्यात खेळ आणि विरंगुळा यांवर एक प्रश्न आहे. तिथे ते संत योहान शुभवर्तमानकार यांची एक जुनी कथा सांगतात. योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळताना काही लोकांना दिसले आणि त्या लोकांना ते शोभेसे वाटले नाही. त्यांच्यातल्या एकाजवळ धनुष्य होते. योहानांनी त्याला एकामागून एक बाण सोडायला लावले आणि विचारले, असे सतत करता येईल का? तो म्हणाला, धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहान म्हणाले. पुढे थॉमस आणखी एक पाऊल टाकतात. जो माणूस स्वतः कधी मौज करीत नाही आणि दुसऱ्यांच्या मौजेत विरजण घालतो, त्याच्या वागण्यात दोष आहे, असे ते म्हणतात. मौजेचा अतिरेक त्याहून मोठा दोष, हेही ते सांगतात. ते मी लपवत नाही. पण आजी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर यात आले. त्या अंगणात थोडेफार पाप कुणाचे झाले असेलच, तर ते खुर्चीवर बसून राहिलेल्याचे.

आता माझ्या 'पडाल' या शब्दाकडे येतो. तो अगदीच खोटा नव्हता. पासष्टी उलटलेल्या माणसांपैकी साधारण तिसरा हिस्सा वर्षातून एकदा तरी पडतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. इथून नांदेड ऐंशी किलोमीटर. उसनवारी, ऑपरेशन, मग महिनोन्‌महिने खाट. अशा खाटांशेजारी बसून मी प्रार्थना केली आहे, आणि त्यांतले काही जण पुन्हा उठले नाहीत. तेव्हा मुलाला भीती वाटली तर त्यात नवल नाही.

पण भीती सल्ला काय देते? ती म्हणते, बसा. आणि बसल्यानेच माणूस पडण्याच्या जवळ जातो. पाय वापरले नाहीत तर मांड्यांचे स्नायू झिजतात. वळणे, वाकणे, एका पायावर भार देणे थांबले की शरीर ते विसरायला लागते. मग एके दिवशी न्हाणीच्या ओल्या फरशीवर वळायची वेळ येते. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शारीरिक हालचालींविषयी नवी मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांत पासष्टीपुढच्या माणसांनी आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि त्याशिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकद यांचे व्यायाम करावेत, असे सांगितले आहे. म्हणजे ज्या वयात आपण माणसाला हलू देत नाही, त्याच वयात तोल सांभाळायचा सराव जास्त हवा.

यात नाच कुठे येतो? २००३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला एक अभ्यास छापून आला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या ४६९ जणांवर डॉक्टरांनी सुमारे पाच वर्षे लक्ष ठेवले. कोण वाचतो, कोण चालतो, कोण पोहतो, कोण घरकाम करतो, याची नोंद होती. वाचन, पटावरचे खेळ आणि वाद्य वाजवणे यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश कमी आढळला. शरीराच्या हालचालींपैकी मात्र एकाच गोष्टीचा तसा संबंध दिसला, ती म्हणजे नाच. यावरून नाचल्याने स्मृती टिकते असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. ज्याची स्मृती आधीच ढासळू लागली आहे तो नाच लवकर सोडत असेल, असेही होऊ शकते. पुढे २०१७ मध्ये जर्मनीतल्या माग्डेबुर्ग इथल्या संशोधकांनी थोड्याशा ज्येष्ठांचे दोन गट करून दीड वर्ष पाहिले. एका गटाला नेहमीचे व्यायाम, दुसऱ्याला सतत नवे नवे नाच. आठवणींशी संबंध असलेला मेंदूचा भाग दोन्ही गटांत वाढला. तोल मात्र नाचणाऱ्यांचाच सुधारला. पडण्याचे प्रमाण नाचाने नक्की किती घटते, याचा निर्णायक पुरावा अजून नाही. तोलाच्या व्यायामांनी ते घटते, याचा भक्कम पुरावा आहे.

थोडा विचार केला तर यात चमत्कार काही नाही. चालताना डोके कुठेही असले तरी चालते. नाचताना ताल ऐकावा लागतो, पुढचे पाऊल आठवावे लागते, शेजारणीचा हात कुठे आहे ते पाहावे लागते, आणि हे सारे वळता वळता. कान, डोळे, पाय आणि आठवण एकाच वेळी कामाला लागतात. पुण्यात हृषिकेश पवार यांनी पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभासदांसाठी नृत्याचे वर्ग चालवले. त्याआधी, २००१ पासून, न्यूयॉर्कमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने असेच वर्ग सुरू केले होते. या आजारात पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, पुढचे पाऊल उचलता येत नाही. संगीताचा ठेका कानावर पडला की अनेकांना ते उचलता येते.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग झाले, डॉक्टरच सांगतात, तेव्हा आजींना नाचू द्या. आणि नेमके इथेच माझे मन थांबते. समजा, त्या संध्याकाळी आजी म्हणाल्या असत्या, "डॉक्टरांनी सांगितलंय, गुडघ्याला चांगलं असतं." मुलगा काही बोलला असता का? मी बोललो असतो का? नाही. म्हणजे आपल्याला अडचण नाचाची नव्हती. अडचण ही होती की त्या उगीच नाचत होत्या, त्यांना नाचावेसे वाटले म्हणून. तरुणाला आनंदासाठी कारण लागत नाही. म्हाताऱ्या माणसाला मात्र आपण चिठ्ठी मागतो. औषध म्हणून चालेल, उपास म्हणून चालेल, नातवाची हौस म्हणून चालेल. स्वतःची हौस म्हणून चालत नाही.

ॲरिस्टॉटलने फार पूर्वी एक भेद करून ठेवला आहे. काही गोष्टी आपण दुसऱ्या कशासाठी करतो आणि काही त्यांच्या स्वतःसाठीच. औषध कुणी चवीसाठी पीत नाही. पण गाणे, मैत्री, नातवाला मांडीवर घेणे, यांचा उपयोग विचारला की काहीतरी बिघडते. त्या आजी रक्तदाब उतरावा म्हणून उठल्या नव्हत्या. रक्तदाब उतरला असेल तर उत्तमच! पण माणसाचे शरीर हे म्हातारपणी फक्त दुरुस्त ठेवायचे यंत्र उरते, त्यात आनंद राहत नाही, असे आपण धरून चाललो, तर मग त्या शरीराला आपण फार लवकर निरोप दिला असे होईल.

आणि मी स्वतःला विचारले, मला खरेच त्यांच्या पडण्याची भीती होती का? ज्याला पडण्याची भीती असते तो उठतो, जवळ जातो, हात पुढे करतो. मी त्यांच्यापासून दहा पावलांवर होतो आणि खुर्ची सोडली नाही. मला लाज वाटत होती. त्यांची नव्हे, त्यांच्याकडे बघणारे माझ्याकडे बघत होते याची.

गेल्या आठवड्यात मी हे त्यांच्या मुलाशी बोललो. ते शिक्षक आहेत, शब्द मोजून बोलतात. मला वाटले होते ते लगेच मान्य करतील. तसे झाले नाही. ते म्हणाले, "फादर, तुम्ही बाहेरून आलात. तुम्हाला नाचणं म्हणजे आनंद दिसतो. माझ्या आजोबांच्या गळ्यात हलगी होती. लोकांच्या वराती पुढं वाजवत, नाचत जायचं, आणि मागं उरलेलं अन्न पदरात घ्यायचं. नको म्हणायची सोय नव्हती. बापानं ते सोडलं, आम्हाला शिकवलं. आता माझ्याच अंगणात माझी माय नाचायला लागली की मला तेच दिसतं."

यावर मी काय बोलणार? मी गप्प बसलो. आपल्या अनेक घरांमागे ही गोष्ट आहे. ज्या अंगाला शतकानुशतके दुसऱ्याच्या हुकमावर नाचावे लागले, त्याच्या पुढच्या पिढीला ताठ आणि स्थिर बसणे हीच प्रतिष्ठा वाटली तर ते चूक म्हणता येत नाही. आजी विधवा आहेत, ही त्यात आणखी एक गोष्ट. हळदीच्या पाटाभोवती कुणी यायचे आणि कुणी लांब उभे राहायचे, ती जुनी रेघ आपण बाप्तिस्मा घेतल्यावरही पुसलेली नाही. हे मात्र मी चूक म्हणतो, आणि मिस्साच्या वेदीवरूनही म्हणणार आहे.

तरीही मला सरांना एक विचारावेसे वाटते, आणि त्यांना चालेल म्हणून इथे विचारतो. आजोबांना नाचावे लागले, कारण दुसऱ्याने सांगितले. आईला बसावे लागले, तेही दुसऱ्याने सांगितले म्हणून. हुकूम फक्त उलटा झाला. त्या अंगणात जर कुणी पहिल्यांदा कुणाच्याही सांगण्यावाचून, कुणाच्याही वरातीसाठी नव्हे तर स्वतःच्या नातवासाठी नाचले असेल, तर त्या आजीच.

आपल्याच भोवताली वयाची ही लाज नसलेली ठिकाणे आहेत, हे विसरू नये. आपले देगलूर हे वारकरी परंपरेतले मोठे नाव. इथल्या गुंडा महाराजांच्या परंपरेत चक्रीभजन आहे: टाळांच्या तालावर गोल फिरत, पावले टाकत केलेले भजन. आपण त्या संप्रदायाचे नसलो तरी या गावचे आहोत, आणि ज्याच्याकडून शिकावे त्याला शिक्षक म्हणायला हरकत नसावी. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर चालून आलेल्या साठी-सत्तरीच्या बायका वाळवंटात फुगड्या घालतात. त्यांना "बसा, पडाल" कुणी म्हणत नाही. आपल्या तालुक्याची हद्द ओलांडून मदनूरकडे गेलात तर बतुकम्माच्या नऊ दिवसांत फुलांच्या राशीभोवती आजी, सून, नात एकाच वर्तुळात टाळ्या देत फिरताना दिसतात. वाद्यही लागत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या तांड्यांवर होळीची लेंगी असते. किनवटच्या पलीकडे, तेलंगणातल्या मारलवाईचे कनक राजू हे राजगोंडांचा घुसाडी नाच पोरांना शिकवत म्हातारे झाले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. २०२४ मध्ये ते वारले.

आणि हे सारे परधर्मीयांचे, असेही कुणी म्हणू नये. पुण्याला सेमिनरीत असताना माझ्या एका गोव्याच्या मित्राने मला त्याच्या आजी-आजोबांच्या लग्नाच्या सुवर्णमहोत्सवाला नेले होते. मिस्सा झाली, जेवण व्हायचे होते, आणि बँड सुरू होताच ऐंशीचे आजोबा उठले, आजींना हात दिला आणि दोघे मधोमध सावकाश नाचू लागले. त्यांचे धर्मगुरू टाळ्या वाजवत होते. तोच धर्म, तीच मिस्सा. तेव्हा आपल्या अंगणातली मनाई श्रद्धेतून आलेली नाही, रिवाजातून आलेली आहे.

या ठिकाणांकडे पाहताना मला एक गोष्ट दिसते. बहुतेक ठिकाणी नाच वर्तुळात आहे. वर्तुळात पाहणारे कमी असतात. जो येतो तो कडीत सामील होतो. आपल्या हळदीत मात्र एकीकडे नाचणारे आणि समोर खुर्च्यांची रांग. खुर्च्या आल्या की प्रेक्षक आले, प्रेक्षक आले की लाज आली.

हे दुःख नवीन नाही. प्लेटोने आपल्या अखेरच्या ग्रंथात, 'लॉज'मध्ये, यावर बरीच पाने खर्च केली आहेत. तो ग्रंथ म्हणजे क्रीट बेटावर उन्हातून देवस्थानाकडे पायी निघालेल्या तीन म्हाताऱ्यांचा संवाद आहे, एक प्रकारची वारीच म्हणा. लिहिणाराही तेव्हा म्हातारा होता. त्यात असे येते की ज्याला समूहात गाता-नाचता येत नाही तो अशिक्षित. मग त्यातला एक जण कबूल करतो की आपले पाय हलके राहिले नाहीत, म्हणून आपण तरुणांना नाचवतो आणि त्यांच्याकडे पाहून आपले तरुणपण आठवतो. पण तो तेवढ्यावर थांबत नाही. मुलांचा एक समूह, तरुणांचा एक, आणि तिशीपासून साठीपर्यंतच्यांचा तिसरा समूह हवाच, असे तो म्हणतो. वय वाढते तशी माणसाला चारचौघांत गायची लाज वाटते, हे त्याला ठाऊक आहे. त्यावर त्याचा उपाय द्राक्षारस! चाळिशीनंतर थोडा घ्यावा, म्हणजे कडक झालेले मन मऊ होते. प्लेटोचा हा सल्ला आपल्या भागात मी देणार नाही. दारूने किती घरे बसली ते आपण पाहतो. साठीपुढच्यांना त्यानेही गोष्टी सांगण्याचे काम दिले आहे, नाचाचे नाही. तिथे माझे आणि प्लेटोचे जमत नाही.

दावीद नाचत होता तेव्हा त्याची बायको मीखल खिडकीतून पाहत होती. दासींच्या देखत राजाने असे करावे, याची तिला शरम वाटली. मी आजवर अनेकदा दावीदावर प्रवचन केले आहे, मीखलवर कधी केले नाही. तिला फार दूर शोधायला जावे लागत नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरला मुलगा शेतावरून येतो, घरातून वाद्यांचा आणि नाचण्याचा आवाज ऐकतो आणि आत जात नाही. म्हातारा बाप त्याला समजवायला बाहेर येतो. थोरला चांगला माणूस होता, कष्टाळू होता. सरांसारखाच. माझ्यासारखा म्हणणे जास्त बरे.

येत्या चौथ्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर ज्येष्ठांनी घरी जायची घाई करू नये. अंगणात वर्तुळ करणार आहोत. पायांत घसरणाऱ्या चपला नकोत. अंगण ओले असेल तर व्हरांड्यात करू. ज्यांना चक्कर येते किंवा ज्यांचे नुकतेच ऑपरेशन झाले आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. ज्यांच्या गुडघ्यांना त्रास आहे त्यांच्यासाठी खुर्च्या ठेवू, पण रांगेत नव्हे, वर्तुळातच. बसून टाळ्या आणि हातांची हालचाल करता येते. प्रत्येक आजी-आजोबांच्या शेजारी एक तरुण राहील, हात धरायला. डीजे नसेल. मी पहिल्या पाच मिनिटांत माझी फजिती करून घेणार आहे, ती पाहायची ज्यांना इच्छा आहे त्यांनीही वर्तुळात यावे लागेल.

वाजवणार कोण, हे अजून ठरलेले नव्हते. काल संध्याकाळी सरांचा फोन आला. आजोबांची हलगी माळ्यावर आहे, म्हणाले, पोराला वाजवायची आहे. ते स्वतः येणार की नाही हे ते बोलले नाहीत, मीही विचारले नाही. पावसाळ्यात कातडे सैल पडते, त्यामुळे वाजवण्याआधी ती जाळावर शेकावी लागेल. तेव्हा कुणीतरी थोडी वाळलेली चिपाडे घेऊन यावीत.

आपला,
फादर